बाळाच्या डोक्याखाली उशी कशाला?

बाळाला मोहरीच्या उशीवर झोपवलं की डोकं छान गोल होतं, हे आपल्याकडे इतक्या खात्रीनं सांगितलं जातं की त्याचा पुरावा मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. सून बाळंतपणाला माहेरी निघाली की घरात मोहरी निवडली जाते. जुन्या मऊ साडीचा किंवा मलमलीचा अभ्रा शिवतात, त्यात मोहरी भरून चारी बाजूंनी टीप घालतात. ज्यांना शिवायला वेळ नाही ते बारशाला तयार संच आणतात: छोटी गादी, डोक्याखाली उशी, दोन्ही बाजूंना लोड आणि वरून मच्छरदाणीची छत्री. या सगळ्यामागे माया आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण बाळ ज्यावर दिवसाचे सोळा-सतरा तास झोपणार, ती वस्तू केवळ मायेनं दिली म्हणून योग्य ठरत नाही.

म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. पहिल्या वर्षात बाळाच्या डोक्याखाली कुठलीही उशी नको. मोहरीची नको, कापसाची नको, फोमची नको, मधे खळगा असलेली 'डोक्याला आकार देणारी' म्हणून विकली जाणारी तर मुळीच नको. 'वापरली तर काय बिघडतं?' असं विचारणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी हा लेख आहे.

मुळात उशी लागते कशाला? मोठा माणूस कुशीवर झोपला की त्याचा खांदा गादीवर टेकतो आणि डोकं खांद्याच्या रुंदीइतकं अधांतरी राहतं. कानापासून गादीपर्यंतची ती पोकळी भरायची आणि मान पाठीच्या कण्याच्या रेषेत ठेवायची, एवढंच उशीचं काम. म्हणून रुंद खांद्यांच्या माणसाला उंच उशी लागते, अरुंद खांद्यांच्या माणसाला कमी उंचीची. गादी मऊ असली तर खांदा आत रुततो, पोकळी घटते आणि कालपर्यंत बरी वाटणारी उशी उंच वाटू लागते. सतरंजीवर झोपणाऱ्याला उलट थोडी जास्त उंची हवी असते. उताणं झोपणाऱ्याला मानेच्या बाकाखाली जरासा आधार पुरतो, आणि पालथं झोपणाऱ्याची मान उशीमुळे उगाच मागे मोडते. थोडक्यात, उशी निवडायची म्हणजे ही पोकळी किती आहे ते पाहायचं. कापूस घ्यावा, शेवरी घ्यावी की फोम, हा प्रश्न त्यानंतरचा.

हाच हिशेब बाळाला लावून पाहा. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसात हे प्रमाण साधारण एक अष्टमांश. बाळाच्या डोक्याचा मागचा भाग चांगलाच बाहेर आलेला असतो, खांदे अरुंद आणि मान आखूड. त्याला सपाट अंथरुणावर उताणं ठेवलं की डोक्याच्या त्या मागच्या फुगवट्यामुळेच मान किंचित पुढे झुकते. डोक्याखाली भरायला पोकळी उरतच नाही. पोकळी असते ती खांद्यांखाली. जन्मल्याबरोबर न रडलेल्या बाळाला श्वास देताना परिचारिका त्याच्या डोक्याखाली काही ठेवत नाही. ती खांद्यांखाली कापडाची पातळ घडी सरकवते, म्हणजे मान सरळ राहते आणि श्वासाचा मार्ग मोकळा होतो. २००९ साली सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात आपल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना हेच शिकवलं जातं. श्वास चालू करण्यासाठी ज्या बाळाच्या खांद्यांखाली घडी घातली, त्याच बाळाच्या डोक्याखाली घरी आल्यावर आपण उशी घालतो. शरीराच्या रचनेच्या हे थेट विरुद्ध आहे.

उशीनं डोकं उचललं की हनुवटी छातीकडे जाते. मोठा माणूस अशा वेळी झोपेतच मान हलवतो, कूस बदलतो, फार तर सकाळी मान आखडल्याची तक्रार करतो. बाळाची श्वासनलिका जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या भिंती मऊ असतात. मान पुढे दुमडली की ती दबते, आणि दबल्यावर डोकं मागे घेऊन ती मोकळी करण्याची ताकद बाळाच्या मानेत नसते. मान धरायला तिसरा-चौथा महिना उजाडतो. बाळाच्या झोपेतल्या अचानक मृत्यूचा सर्वाधिक धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात असतो, म्हणजे जेव्हा आपण सर्वांत हौसेनं उशी वापरतो नेमका तेव्हा.

'ते खरं, पण डोकं चपटं राहिलं तर?' हा प्रश्न मी हलका मानत नाही. बाळाला बघायला येणारं प्रत्येक माणूस त्याच्या डोक्यावरून हात फिरवून काहीतरी बोलून जातं, आणि मुलगी असेल तर जरा जास्तच. त्या बोलण्याची धास्ती आईला असते. उशीचा आग्रह बऱ्याचदा त्या धास्तीतून येतो. तेव्हा डोक्याला आकार कसा येतो ते नीट पाहू.

जन्माच्या वेळी कवटीची हाडं एकमेकांना घट्ट जुळलेली नसतात, त्यांच्यामध्ये लवचीक सांधे असतात. म्हणूनच जन्ममार्गातून येताना डोकं लांबट होऊ शकतं आणि नंतरच्या दिवसांत आपोआप सावरतं. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची मोठी टाळू भरायला साधारण वर्ष ते दीड वर्ष जातं. या काळात कवटी वाढते ती आत मेंदू वाढतो म्हणून. जन्मताना सुमारे ३५ सेंटीमीटर असलेला डोक्याचा घेर पहिल्या वाढदिवसापर्यंत ४६ सेंटीमीटरच्या आसपास पोहोचतो. इतक्या वेगानं वाढणाऱ्या कवटीवर बाहेरून सतत एकाच जागी दाब पडत राहिला, तर तिथली वाढ अडते आणि तो भाग चपटा दिसू लागतो. दाब हटला की वाढ पुन्हा सगळीकडे होऊ लागते.

न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी बाळांच्या एका गटाची डोकी दोन वर्षांच्या वयापर्यंत वेळोवेळी मोजली आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार महिन्यांच्या वयात जवळपास २० टक्के बाळांची डोकी चपटी होती. दोन वर्षांच्या वयात हे प्रमाण ३.३ टक्क्यांवर आलं. मोहरीच्या उशीची सगळी कीर्ती या दोन आकड्यांच्या मधे उभी आहे. चौथ्या महिन्यात आजीला काळजी वाटते, उशी येते, दोन वर्षांनी डोकं गोल दिसतं आणि श्रेय उशीला जातं. मधल्या काळात बाळ वळू लागलं, बसू लागलं, रांगू लागलं, डोक्यामागचा दाब गेला, हे कुणी मोजत नाही. उशी आणली नसती तरी बहुतेक बाळांच्या बाबतीत हेच झालं असतं.

यापुढचा पुरावा तर अधिक बोलका आहे. ज्यांचा चपटेपणा मध्यम ते तीव्र होता अशी ८४ बाळं नेदरलँड्समध्ये एका चाचणीत घेतली गेली. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एका गटाला प्रत्येक बाळाच्या मापानं घडवलेलं कडक शिरस्त्राण दिलं, ते दिवसाचे २३ तास, सहा महिने घालायचं. दुसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. दोन वर्षांच्या वयात शिरस्त्राणाच्या गटात २६ टक्के डोकी पूर्ण सुधारली होती, काहीच न केलेल्या गटात २३ टक्के. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. ही चाचणी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. तीव्र चपटेपणात पूर्ण गोल डोकं सगळ्यांना मिळत नाही, हेही तिच्यात दिसतं आणि ते लपवायचं कारण नाही. पण मापानं घडवलेल्या शिरस्त्राणाला जे साधलं नाही ते मोहरीच्या पिशवीला साधतं, असं म्हणणाऱ्यांनी आधी तसा एक तरी पुरावा दाखवावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा आकार देणाऱ्या उशा वापरू नका, असा जाहीर इशाराच दिला आहे.

मोहरीचे दाणे सरकतात, त्यामुळे दाब विखुरतो, असंही सांगितलं जातं. आणि त्याच दमात असंही सांगतात की मोहरीत डोकं छान बसतं, इकडेतिकडे होत नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. दाणे सरकतात म्हणूनच डोक्याखाली खळगा तयार होतो आणि त्या खळग्यात डोकं अडकून राहतं. चपटेपणा येतो तो डोकं एकाच स्थितीत राहिल्यानं. बाळानं डोकं मोकळेपणी या बाजूकडून त्या बाजूकडे वळवावं हा त्यावरचा खरा इलाज, आणि उशी नेमकी त्यालाच आडवी येते. मोहरी उष्ण, तिनं सर्दी होत नाही, हेही कानावर येतं. पिशवीत बंद केलेली मोहरी स्वतःहून ऊब निर्माण करत नाही, आणि बाळाचं डोकं गरम राखणं हितकारकही नाही. अंगातली जादा उष्णता बाळ मुख्यतः डोक्यावाटे बाहेर टाकतं, आणि झोपेत अंग फार तापणं हा धोका मानला जातो.

सगळ्यांत वजनदार युक्तिवाद मात्र अनुभवाचा असतो. 'आमची चार मुलं याच उशीवर वाढली. काय झालं त्यांना?' काही झालं नाही, हे मी मनापासून मान्य करते. मोहरीच्या उशीवर झोपलेली बहुसंख्य बाळं सुखरूप मोठी होतात. पण या अनुभवातून काय सिद्ध होतं, ते एका जुन्या आणि दुःखद गोष्टीवरून पाहता येईल.

बेंजामिन स्पॉक हे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ. बालसंगोपनावरचं त्यांचं पुस्तक जगभर कोट्यवधी प्रतींनी खपलं. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याच्या आवृत्त्यांमध्ये बाळाला पालथं झोपवणं पसंत केलेलं होतं. कारणं दोन दिली होती: उताणं असताना उलटी झाली तर ती घशात अडकेल, आणि उताणं झोपून डोकं एका बाजूनं चपटं होईल. आज आपल्याकडे उशीसाठी दिली जातात तीच ही दोन कारणं. स्पॉक यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना मुलांचा खरा कळवळा होता. नेदरलँड्समध्येही १९७०च्या दशकात पालथं झोपवण्याचा सल्ला रूढ झाला आणि बाळांचे झोपेतले मृत्यू वाढत गेले. ब्रिस्टलमध्ये पीटर फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मृत्यूंचा बारकाईनं अभ्यास केला, त्यातून पालथं झोपणं आणि मृत्यू यांचा संबंध समोर आला आणि १९९१च्या अखेरीस ब्रिटनमध्ये 'बाळाला उताणं झोपवा' ही मोहीम सुरू झाली. अमेरिकेत ती १९९४ साली आली. दोन्ही देशांत काही वर्षांतच हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. उपलब्ध पुरावा १९७० सालीच नीट एकत्र करून पाहिला असता तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली किमान ५०,००० बाळं वाचू शकली असती, असा अंदाज २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मांडला आहे.

पालथं झोपवणं आणि उशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळतं. मी सांगते आहे ते अनुभवाच्या मर्यादेबद्दल. त्या काळात पालथी झोपणारी बहुतेक बाळंही सुखरूप वाढली. अमेरिकेत १९९०च्या सुमारास असे मृत्यू हजार जन्मांमागे एकाहून थोडे अधिक होते. म्हणजे जिनं दहा बाळं वाढवली, जिच्या हातून शंभर बाळंतपणं झाली, तिलाही असा मृत्यू आयुष्यात कधी दिसला नसण्याचीच शक्यता अधिक. तिचं सांगणं खोटं नसतं. पण हजारात एकदा घडणारी गोष्ट एका घराच्या, एका गल्लीच्या अनुभवात सापडत नाही, ती हजारो बाळांची नोंद एकत्र ठेवल्यावरच दिसते. आजीच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर राखूनही या एका बाबतीत तो अपुरा आहे असं म्हणावं लागतं.

मग म्हणतात, हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे असं काही होत नाही. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात हजार जन्मांमागे १६ बाळं वर्षाची होण्याआधी दगावतात. अकाली जन्म, कमी वजन, जंतुसंसर्ग ही त्यातली मोठी कारणं. पण रात्री निजलेलं बाळ सकाळी उठलं नाही, तर आपल्याकडे क्वचितच शवविच्छेदन होतं, आणि बाळ कसं झोपलं होतं, त्याच्या डोक्याखाली काय होतं, तोंडाजवळ काय होतं, हे विचारून लिहून ठेवणारं तर कुणीच नसतं. दूध घशात अडकलं म्हणतात, कुणी दृष्ट लागली म्हणतं, घर दुःखात बुडतं आणि विषय तिथेच मिटतो. जिथे पाहिलंच जात नाही तिथे 'घडत नाही' असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या जमेच्या बाजूही आहेत. आपली बाळं बहुधा उताणी झोपतात, आईच्या हाकेच्या अंतरावर असतात, अंगावर पितात. या चांगल्या सवयींमध्ये उशीची भर घालून आपण धोका स्वतःहून ओढवून घेतो.

दाणेदार उशीबद्दल तर जगाला मोठी किंमत मोजून धडा मिळाला आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत बाळांसाठी प्लास्टिकच्या बारीक मण्यांनी भरलेल्या मऊ उशा विकल्या जात. त्यांच्याशी संबंधित तीसहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. जेम्स केम्प आणि ब्रॅडली थॅच यांनी १९९१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यामागची प्रक्रिया उलगडून दाखवली. बाळाचा चेहरा उशीत रुतला की तिचे मणी चेहऱ्याभोवती गोळा होतात, नाकासमोर एक बंद कप्पा तयार होतो आणि बाळ स्वतः सोडलेली हवा पुन्हा पुन्हा आत ओढत राहतं. प्राणवायू घटत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. नाक पूर्ण बंद व्हावं लागतच नाही. १९९२ साली तिथे अशा उशांवर बंदी आली. बंदीचं वर्णन वाचण्यासारखं आहे: एक वर्षाच्या आतल्या बाळांसाठीची, दाणेदार पदार्थ सैल भरलेली, सहज दबणारी आणि बाळाच्या चेहऱ्याचा आकार घेणारी उशी. मण्यांच्या जागी मोहरी ठेवा, वर्णनात एकही शब्द बदलावा लागणार नाही.

'आमची उशी सैल नसते, ठासून भरलेली असते,' असं यावर कुणी म्हणेल. ठासून भरली की ती न दबणारा उंचवटा होते आणि हनुवटी छातीला टेकवते. सैल ठेवली की चेहऱ्याभोवती गोळा होते. यातली सुरक्षित बाजू कुठली, ते मला दिसत नाही. शिवाय टीप उसवली तर दोनेक मिलिमीटरचे दाणे बाळाच्या नाकातोंडाशी येतात. शेंगदाणा किंवा बी श्वासनलिकेत गेलेली मुलं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे येतच असतात. त्यात घरच्या घरी भर कशाला?

आता उलटीचा प्रश्न. दूध पिऊन झाल्यावर बाळ थोडं दूध बाहेर काढतं आणि घरातले घाबरतात. डोकं उंच ठेवलं तर दूध घशात अडकणार नाही, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण शरीराची रचना वेगळं सांगते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध खालच्या नळीतच राहतं किंवा गिळलं जातं. श्वासनलिकेत शिरायला त्याला वर चढावं लागेल. निरोगी बाळाला उताणं झोपवल्यानं गुदमरण्याचं प्रमाण वाढलं नाही, हे मोहिमेनंतरच्या इतक्या वर्षांत दिसलं आहे. डोक्याकडची बाजू उचललेल्या तिरक्या झोपाळ्यांचं काय झालं, तेही समोर आहे. २०१९ साली अमेरिकेत असे सुमारे ४७ लाख झोपाळे बाजारातून परत मागवावे लागले, तीसहून अधिक बाळांचे मृत्यू त्यांच्याशी जोडले गेले होते. २०२२च्या कायद्यानं बाळाच्या झोपण्यासाठी १० अंशांहून अधिक उताराची साधनं बनवायला आणि विकायला तिथे बंदी आली. दूध पाजल्यावर बाळाला काही वेळ खांद्यावर उभं धरून ढेकर काढणं, ही आपली जुनी रीत पुरेशी आहे. सर्दीनं नाक चोंदलं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत. बाळ धापा टाकत असेल, दूध ओढत नसेल तर उशीचा विचार न करता दवाखाना गाठावा.

राहता राहिली परंपरा. परंपरेचा मला अनादर नाही, म्हणूनच ती पूर्ण पाहावी असं वाटतं. बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा, ही रीतही परंपरेचीच होती. गावोगावच्या परिचारिकांनी, अंगणवाडीच्या ताईंनी, पुढे आशाताईंनी घरोघरी जाऊन समजावलं आणि आज अनेक घरांत आजीच आधी विचारते, 'बाळाला पहिलं दूध पाजलं का?' ज्या घरांनी इतकी जुनी रीत बदलली, त्या घरांना एक उशी बाजूला ठेवणं अवघड नाही. आणि आपल्याच रितीतली गोधडी पाहा. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर घट्ट पसरलेली पातळ गोधडी, हे सपाट आणि टणक अंथरूण आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात त्याच्या फार जवळचं आहे. बाजारातला उशी-लोडांचा रंगीत संच ही काही आपली परंपरा नाही. तो विकत घेऊन आपण जुनं चांगलं अंथरूण सोडतो आहोत.

डोक्याच्या आकाराची काळजी असेल तर तिचंही उत्तर आपल्या घरात आहे. पाय लांब करून बसलेली आजी किंवा अंघोळ घालणारी बाई बाळाला पायांवर पालथं घेऊन पाठीला तेल लावते, तेव्हा बाळ मान उचलायचा प्रयत्न करतं, खांद्यांत जोर येतो आणि डोक्यामागचा दाब पूर्ण हटतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, जे बाळ अजून हालचाल करू लागलेलं नाही त्याला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पोटावर ठेवायला सांगितलं आहे. मालिशीच्या वेळी हे आयतंच सुरू होतं, दिवसात आणखी दोन-चार वेळा करायचं, इतकंच. मात्र बाळ जागं हवं आणि जवळ माणूस हवं. डोकं दाबून गोल करणं आणि नाक ओढणं तेवढं सोडून द्यावं, त्यानं काही साधत नाही.

बाळ उजेडाकडे आणि आईच्या आवाजाकडे मान वळवतं. आज पाळण्यात डोकं ज्या बाजूला ठेवलं त्याच्या उलट बाजूला उद्या ठेवलं तर मान आपोआप दुसरीकडे वळते. जागेपणी बाळाला जास्तीत जास्त कडेवर, खांद्यावर, मांडीवर घ्यावं. झोळी वापरत असाल तर बाळाची हनुवटी छातीला टेकत नाही ना, हे पाहत राहावं आणि डोळा लागल्यावर त्याला सपाट अंथरुणावर ठेवावं. अंथरुणात सैल दुपटी, लोड, भुसा भरलेली खेळणी नकोत. बाळ आईच्या बिछान्यात असेल तर मोठ्यांच्या उशा आणि जाड रजया त्याच्यापासून दूर असाव्यात, आणि बाळाला घेऊन सोफ्यावर झोपण्याची वेळ तर येऊच देऊ नये. घरात कुणी सिगारेट किंवा विडी ओढत असेल तर तो धोका उशीइतकाच गंभीरपणे घ्यायला हवा.

उशीवर भरवसा ठेवण्यातला आणखी एक तोटा फारसा बोलला जात नाही. काही बाळं सतत एकाच बाजूला मान ठेवतात, कारण मानेचा एक स्नायू आखडलेला असतो. त्यांना लवकर व्यायाम मिळाले तर छान सुधारतात. साधारण दोन-अडीच हजार बाळांमागे एकाच्या कवटीचे सांधे वेळेआधी जुळतात. त्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय बहुधा पहिल्या वर्षातच घ्यावा लागतो. 'उशी दिली आहे, होईल हळूहळू गोल' म्हणत घरचे थांबतात आणि ते मोलाचे महिने निघून जातात. बाळ एकाच बाजूला पाहत असेल, एक कान पुढे सरकलेला दिसत असेल, डोक्यावर हाडाची कड हाताला लागत असेल किंवा टाळू फार लवकर बंद झाल्यासारखी वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

वर्ष उलटल्यावरही उशीची घाई नाही. मूल दोनेक वर्षांचं झालं, स्वतःहून हाताची उशी करू लागलं की छोटी, पातळ, घट्ट शिवलेली उशी पुरे. खांदे रुंदावतील तशी तिची उंची वाढेल.

डॉक्टरांना आणि प्रसूतिगृहांना माझी विनंती आहे की घरी सोडताना स्तनपान आणि लसीकरण समजावता, तसं बाळाला कसं झोपवायचं तेही आईला आणि तिच्या सोबत आलेल्या आजीला समोर बसवून सांगा. 'उशी वापरली तरी हरकत नाही' असं घाईत म्हणू नका, घरी त्याचा अर्थ 'डॉक्टरांनीच सांगितलंय' असा होतो. बारशाला निघालेल्या मावशी-आत्यांनो, झबली द्या, दुपटी द्या, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू द्या, पण उशी देऊ नका. आणि तुमच्या घरातलं लहानगं आत्ता उशीवर झोपलं असेल, तर हा अंक बाजूला ठेवा आणि आधी ती उशी काढून घ्या.